बर्फाच्या समुद्रातलं शेवाळ आणि बी.एस्सी.चा अर्ज

 

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी सायन्स पास झाली. तिला पुण्याला बी.एस्सी. करायचंय, प्राणीशास्त्र घेऊन. फी आणि होस्टेलसाठी १५,००० रुपये हवे होते. शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला आपण लगेच हो म्हणतो. इथं मात्र सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "ते शिकून पोरगी करणार काय? बेडूक कापणार?" सगळ्या हसल्या आणि अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. आम्हीही तिथं होतो, आणि आम्हीही काही बोललो नाही. आज काकूंच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलो आहोत.

आधी आपलं भाताचं खाचर आठवा. लावणी झाली की थोड्याच दिवसांत पाण्यात शेवाळ धरतं. शेवाळावर बारीक किडे जगतात, किड्यांवर बेडूक आणि मासे, आणि त्यांच्यासाठी बगळा उतरतो. समुद्रातही हीच रीत आहे. तिथलं शेवाळ मात्र इतकं बारीक, की एकेक कण बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्याला वनस्पती-प्लवक म्हणतात.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका हा बर्फाचा खंड आहे. त्याच्या भोवतीचा समुद्र एवढा गार, की खारं पाणीसुद्धा गोठतं. तिथं काय जगणार, असं कुणालाही वाटेल. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं इंग्रजांचं जहाज जगभरचे समुद्र तपासत फिरलं. १८७४ साली ते या बर्फाळ समुद्रातही शिरलं. लांब दोरांना जाळी बांधून त्यांनी समुद्राच्या तळातून प्राणी वर काढले. त्या सफरीत आधी कुणाला माहीत नसलेले हजारो जीव सापडले. जहाजावर शास्त्रज्ञ होते, खलाशी होते, पण बाई एकही नव्हती.

या गार समुद्रात क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव राहतो, बोटाएवढा, फार तर सहा सेंटिमीटर. बर्फाच्या खालच्या अंगाला धरलेलं शेवाळ तो खरवडून खातो. त्याच्यावर पेंग्विन जगतात, सील जगतात, आणि जगातला सगळ्यात मोठा प्राणी, निळा देवमासा, तोही याच बोटभर जिवावर पोसला जातो. तिथल्या काही माशांचं रक्त तर लाल नसतंच, पाण्यासारखं असतं, आणि ते गोठू नये म्हणून त्यात खास द्रव्य असतं.

आपल्या देशाची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला अंटार्क्टिकाला पोचली. आपल्याकडं थंडी असते तेव्हा तिथं उन्हाळा असतो, म्हणून डिसेंबरात निघायचं. मोहिमेचे प्रमुख होते डॉ. सय्यद झहूर कासिम, स्वतः समुद्री जीवांचे अभ्यासक. एकूण २१ जण, सगळे पुरुष. दुसऱ्या मोहिमेतही बाई नव्हती. तिसरी मोहीम १९८३च्या डिसेंबरात निघाली, तेव्हा पहिल्यांदा दोघी गेल्या. कोलकात्याच्या भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या मराठी डॉ. अदिती पंत.

अदितीताईंचा जन्म १९४३चा, नागपूरचा. घराणं औंधचं. आपल्या भोरसारखंच औंधही जुनं संस्थान. त्यांनी पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. केलं. होय, तीच पदवी, जिच्यासाठी आपल्याकडं अर्ज आलाय. मग समुद्रातल्या जिवांवरचं ॲलिस्टर हार्डी यांचं पुस्तक हाती पडलं आणि वाट ठरली. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाईला शिकल्या, लंडनला पीएच.डी. केली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. त्यांचा अभ्यासाचा विषय हेच समुद्रातलं बारीक शेवाळ.

ते तपासून मिळतं काय? क्रिल पकडायला देशोदेशीची जहाजं जातात. जास्त पकडला तर पेंग्विन आणि देवमासे उपाशी. म्हणून १९८२पासून त्यावर आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. पण शेवाळ किती, क्रिल किती, हे कुणी मोजल्याशिवाय किती पकडायचं ते ठरणार कसं? आपल्या भाटघरच्या, गुंजवणीच्या धरणातल्या माशांचंही तसंच आहे. पाण्यात काय आहे हे सांगायला शिकलेलं माणूस लागतं. ते आपल्याच गावचं का नसावं?

तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या घरच्या, वडील राजदूत, आपलं तसं कुठं? खरं आहे. आम्हीही हाच विचार केला. पण परदेशची शिष्यवृत्ती मिळायच्या आधी बी.एस्सी. ही पहिली पायरी होती, आणि ती त्यांच्या घराला झेपली. आपल्याकडं ती एकट्या घराला झेपत नाही. मग गट कशासाठी आहे?

कर्ज डोळे झाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. आधी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लावा. फीची पावती बघा. हप्ता आईला झेपेल एवढाच ठेवा. आणि ठराव इतिवृत्तात नीट लिहा, "शिक्षणासाठी" असा स्पष्ट शब्द घालून.

येत्या बैठकीत तो अर्ज पुन्हा निघेल. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. तुमच्या गटातही असा एखादा अर्ज मागं पडला असेल, तर तो काढा आणि त्या मुलीलाच बैठकीला बोलवा. तिला काय शिकायचंय, ते तिच्या तोंडून ऐका.