बारा चेक आणि एक किल्ली

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण, अंकासाठी थोडे नीटनेटके करून.)



मसाला दूध आटायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात घरभाड्यावर चार शब्द बोला, असं कमिटीने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. दोहात चार मराठी माणसं जमली की पाचव्या मिनिटाला विषय तिथेच येतो. "तुमचं किती?" असं कुणी विचारलं तर इथे पगार कुणी समजत नाही, भाडंच समजतात! मी काही अर्थतज्ज्ञ नाही. एका प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या ऑफिसात अकरा वर्षं हिशेबाच्या टेबलावर बसले, आणि त्याच्याही आधीपासून, म्हणजे २००४ पासून, मी स्वतः भाडेकरू आहे. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, एवढीच माझी पात्रता.

आधी एक आकडा सांगते, नागपूरकरांनी कान टवकारावेत. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या होती साधारण २४ लाख ५ हजार. आणि २०१५ च्या मोजणीत अख्ख्या कतारची होती २४ लाख ४ हजार. म्हणजे आपण ज्या देशात राहतो तो माणसांच्या हिशेबाने एक नागपूर! पण नागपूर वाढायला पिढ्या गेल्या. कतारमध्ये २००४ साली ७ लाख ४४ हजार माणसं होती, २०१० साली जवळजवळ १७ लाख. सहा वर्षांत दुपटीहून जास्त. आलेला प्रत्येक माणूस पहिल्या रात्री कुठे तरी पाठ टेकणारच ना? इमारत उभी राहायला दोन-तीन वर्षं लागतात आणि व्हिसा यायला काही आठवडे. सगळी गंमत, खरं म्हणजे सगळं दुखणं, या फरकात आहे.

दुसरी गोष्ट. नागपुरात एखाद्याची नोकरी गेली तर तो नागपुरातच राहतो. भावाकडे जातो, लहान घर बघतो, पण शहर सोडत नाही. आपलं इथलं राहणं नोकरीला बांधलेलं. नोकरी संपली की सामान कार्गोला आणि आपण विमानात. त्यातून मोठ्या कंपन्या स्टाफसाठी अख्ख्या इमारती उचलतात. प्रोजेक्ट सुरू झाला की एका आठवड्यात चाळीस फ्लॅट भरतात, संपला की एका महिन्यात चाळीस रिकामे. म्हणून दोह्याचं भाडं हळूहळू चढत-उतरत नाही, उड्या मारतं. ते प्रोजेक्टच्या कॅलेंडरवर चालतं. हे मला कळायला उशीर झाला, आणि त्याची किंमतही बरीच मोजली. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

२००४ साली आम्ही नजमाला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, २,४०० रियाल. बारा पोस्ट-डेटेड चेक सही करून द्यायचे आणि किल्ली घ्यायची. माझे मिस्टर सही करताना म्हणाले होते, "लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा एवढ्या सह्या केल्या नव्हत्या!" घर जुनं होतं, पण खाली वाणी, पुढे शाळेची बस. मग डिसेंबर २००६ चे एशियन गेम्स आले, त्याच्या मागे गॅसचे प्रोजेक्ट, आणि शहराला घरं पुरेनात. त्याच सुमाराला जुन्या वस्त्या पाडायलाही सुरुवात झाली. काहरबा स्ट्रीट, दोह्यात पहिल्यांदा विजेचे दिवे लागले तो रस्ता, त्याच्या आजूबाजूच्या जुन्या घरांतून किती तरी आपली माणसं स्वस्तात राहायची. आज तिथे मशेरेबचं चकचकीत डाऊनटाऊन उभं आहे. बघायला सुंदरच आहे हो, मीही पाहुण्यांना तिथे फिरवते. पण तिथल्या जुन्या खोल्यांतली माणसं कुठे तरी गेलीच असणार. ती नजमा, मन्सूरा, मुंतजाकडे सरकली आणि आमच्या रांगेत आली.

फेब्रुवारी २००७ मध्ये आमच्या मालकाचा निरोप आला, इमारत दुरुस्त करायची आहे, मेअखेर घर सोडा. मी रात्री बसून इंग्रजीत पत्र लिहिलं. मुलगी तिसरीत आहे, मुलगा केजीत, शाळेचं वर्ष आत्ता सुरू होतंय, निदान उन्हाळ्यापर्यंत राहू द्या. उत्तर आलं नाही. तसाच फ्लॅट बाहेर ६,००० रियालला होता आणि कंपनीचा घरभत्ता २,५००. वर आपला रुपया तेव्हा वधारत होता. २००८ च्या सुरुवातीला तर रियालचे जेमतेम अकरा रुपये येत होते. देशाची महागाई २००७ मध्ये १३.८ टक्के होती, २००८ मध्ये १५ टक्के, आणि तिच्यात मोठा वाटा घरभाड्याचा होता. तेव्हा हे आकडे मला ठाऊक नव्हते. मला एवढंच दिसत होतं की, वजाबाकी केली तर शाळेची फी उरत नाही.

मिस्टर हिलालला एका पार्टिशन केलेल्या व्हिलात खोली घेऊन राहिले. मी मुलांना घेऊन पुण्याला निघाले. त्या वर्षी आमच्या ओळखीतली कितीतरी कुटुंबं अशी दुभंगली. वहिनी देशात, भाऊजी "बॅचलर". हा शब्द इथला खास आहे. दोन मुलांचा बापसुद्धा बॅचलरच!

पण पुण्यात आमचा सिंहगड रोडचा फ्लॅट भाड्याने दिलेला होता. लातूरकडचं एक तरुण जोडपं, त्यांची लहान मुलगी. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचे चार महिने बाकी. मी फोन करून सांगितलं, आम्हाला स्वतःला हवंय, मेमध्ये रिकामं करा. पलीकडून ती बाई म्हणाली, "ताई, हिचं नाव आत्ताच कोपऱ्यावरच्या शाळेत घातलंय हो. दिवाळीपर्यंत तरी..." मंडळी, माझ्या पत्रातलंच वाक्य होतं ते. मी काय उत्तर दिलं असेल? मालकाने मला दिलं तेच. दुसरा इलाज नव्हता असं मी बरीच वर्षं म्हणत आले. सासूबाई वर्षभर नणंदेकडे राहायला तयार होत्या, त्यांची जागा आम्हाला चालली असती, हे मात्र मी फारसं कुणाला सांगत नाही. आज सांगितलं.

असो. २००८ साली इथे भाड्याचा नवा कायदा आला, २००८ चा कायदा क्रमांक ४. तो आपल्या प्रत्येकाला माहीत हवा. करार लेखी हवा आणि मालकाने त्याची नोंदणी करायला हवी. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. घर मध्येच खाली करायला लावायचं तर ठराविक कारणंच चालतात : भाडं थकवणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, पाडकामाचा परवाना, मालकाची स्वतःची गरज वगैरे. आणि तंटा झाला तर त्यासाठी वेगळी समिती आहे. चालू करारांच्या भाडेवाढीवरही तेव्हा लगाम घातला गेला. पण मुंबईकरांना पुढची गोष्ट सांगायला नको! मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली, तेव्हा जुना भाडेकरू तरला आणि नव्याच्या नशिबी पागडी आली. इथेही जुन्याचं भाडं वाढवता येईना, म्हणून जुन्यालाच काढायची कारणं शोधली गेली. माझ्या ऑफिसातल्या जुन्या फायली बघताना "दुरुस्ती" हा शब्द इतक्या वेळा दिसला, की त्या वर्षी दोह्यातल्या सगळ्या इमारती एकदम आजारी पडल्या होत्या की काय असं वाटावं.

मग जागतिक मंदी आली, नव्या इमारती तयार झाल्या, आणि उडी उलटी पडली. २००९ मध्ये इथली महागाई शून्याखाली ४.९ टक्के होती, २०१० मध्येही शून्याखालीच. आम्ही २०१० मध्ये परत एकत्र आलो, मन्सूराला, ४,२०० रियालात. मुलगी तेव्हा सातवीत जाणार होती. विमानतळावर मुलाने वडिलांना "काका" म्हटलं नाही एवढंच. पण पहिले दोन दिवस तो त्यांच्याजवळ झोपायला तयार नव्हता.

मधल्या वर्षांचं लांबवत नाही. तेलाचे भाव पडले, नोकरकपात झाली, जून २०१७ चा बहिष्कार, २०२० चा कोरोना. दरवेळी रिकामे फ्लॅट वाढले आणि "एक महिना फुकट"च्या पाट्या लागल्या. २०१९ मध्ये मेट्रो आली आणि अल वक्रा लांब आहे ही तक्रार बरीच कमी झाली. मग २०२२, वर्ल्ड कप! पुन्हा तेच नाटक, फक्त स्टेज मोठं. प्रेक्षकांना राहायला घरं हवी होती, मालकांना दोन-दोन वर्षांचे करार. आमच्या ओळखीतल्या तीन घरांना नूतनीकरण नाकारलं गेलं. त्यातल्या एकाने घाबरून चढ्या भाड्याचा दोन वर्षांचा करार केला आणि २०२३ मध्ये समोरच्या इमारतीत तसाच फ्लॅट हजार रियालने स्वस्त बघत बसला. ज्याने सहा महिने मित्राकडे कसेबसे काढले, तो जिंकला. पण लहान मुलं असताना सहा महिने कसेबसे काढणं सगळ्यांना जमत नाही, हेही मला माहीत आहे.

तरुण मंडळी इथे बरीच दिसतात, म्हणून पार्टिशन व्हिलाबद्दल बोलते. एका व्हिलात पत्र्याच्या किंवा जिप्समच्या भिंती घालून सहा कुटुंबं. वीज-पाणी भाड्यातच, म्हणून स्वस्त वाटतं. पण बलदियाची परवानगी नसली तर कारवाई होते आणि कहरामा वीज तोडू शकते. करार नोंदवलेला नसला की कुटुंबाच्या व्हिसाच्या कागदांना अडतं. २०२० मध्ये नॅशनल अ‍ॅड्रेस नोंदवायचा होता तेव्हा एका निळ्या पाटीखाली सहा बिऱ्हाडं आपापला पत्ता शोधत होती. जुन्या इमारतीही डोळे उघडे ठेवून बघा. मार्च २०२३ मध्ये मन्सूरा भागातच एक इमारत कोसळली आणि त्यात आपले भारतीयही गेले. आम्ही तिथून चार गल्ल्यांवर राहत होतो. त्या दिवसापासून मी घर बघायला गेले की आधी किचन नाही, खालचे खांब बघते.

आणि चेक! सह्या करण्याआधी नोकरी मध्येच गेली तर करार कसा मोडता येईल, ती ओळ करारात घालून घ्या. चेक परत गेला तर इथे तो फौजदारी गुन्हा आहे, आणि घर सोडलं तरी चेक मालकाकडेच असतात. माझ्या ऑफिसात लोक घाईघाईत देश सोडायचे, किल्ली ठेवून जायचे आणि उरलेले चेक मागायचे विसरायचे. घर बदलायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये फिरा. उन्हाने जीव जातो, पण निम्मं शहर सुट्टीवर असतं आणि मालक जरा नरम असतो.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आता नवे भाडेकरू आहेत. यंदा एजंटने मला फोन करून दहा टक्के वाढ सुचवली. मी विचारलं, "त्यांची मुलं कितवीत आहेत?" तो म्हणाला, "मॅडम, त्याचा काय संबंध?" मी पाच टक्के सांगितले आणि करार मेमध्ये नको, जूननंतर संपू दे म्हटलं.

आणि हो, आमचा इथला करार जानेवारीत संपतोय. मुलं आता बाहेर शिकायला गेली, आम्हाला एक बेडरूम पुरेल. कुणाच्या इमारतीत काही रिकामं होणार असेल तर दूध घेताना मला जरूर सांगा.