पिकअप येतेय, पण चार्ज कुठे करू?

इंडियानापोलिसहून बोलतोय. एप्रिल २०२५मध्ये स्लेट या अमेरिकन कंपनीने एक छोटी इलेक्ट्रिक पिकअप दाखवली आणि मी लगेच ५० डॉलर भरून नंबर लावला.

का? इथल्या आपल्या गणपतीचं मखर आणि प्लायवूड दरवर्षी भाड्याच्या ट्रकमधून न्यावं लागतं. शिवाय या गाडीत टचस्क्रीन नाही, काचा हाताने फिरवायच्या. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला अजून काय पाहिजे?

मग शांतपणे हिशोब केला. ७,५०० डॉलरची सरकारी सवलत धरून किंमत २० हजारांच्या आत सांगितली होती. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. ठीक आहे, थोडे जास्त पैसे साठवू.

खरी अडचण पार्किंगची. आमच्या अपार्टमेंटला चार्जरच नाही. छोटी बॅटरी ५२.७ किलोवॅट-अवरची, रेंज साधारण २४० किलोमीटर. इथल्या १२० व्होल्टच्या साध्या प्लगमधून जेमतेम दीड किलोवॅट मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दीड दिवसाच्या वर! थंडीत रेंज घटणार ती वेगळीच.

आईला फोटो पाठवला, तर म्हणाली, "सीट दोनच? आम्ही आलो की बाबांना मागे बसवणार का रे?" पाच सीटचं किट मिळतं, पण त्याचे पैसे वेगळे.

बुकिंग अजून ठेवलंय, ते पैसे परत मिळतात. पण घराच्या मॅनेजरला चार्जरसाठी मेल टाकलाय. 'नाही' आलं तर आधी घर बदलायचं की गाडीचा नाद सोडायचा, हे ठरवावं लागेल.

तुम्हीही ईव्ही बुक करणार असाल, तर रेंज नंतर बघा. आधी खाली जाऊन पार्किंगमधला प्लग बघा. भेटू पुढच्या भागात!