पत्तीची नाडी

आम्ही तिघी जावा, फलटणच्या. घरचा बँड आहे. लग्नसराईत माणसं वाजवायला जातात. आम्ही डबे, इस्त्री आणि हिशोब बघतो.

दोन वर्षांमागं ऐन वरातीत क्लॅरोनेट चिरकायला लागलं. जवळच्या दुसऱ्या पत्त्याही तशाच निघाल्या. ठरल्या पैशातून कापून मिळाले. तो आकडा वहीत लिहिताना आम्ही म्हटलं, ही पत्ती आहे तरी काय, ते बघूच.

पत्ती म्हणजे नळ नावाच्या उंच, पोकळ गवताच्या वाळल्या कांडाची चपटी फोड. सनईची पत्ती दुहेरी, क्लॅरोनेटची एकेरी. फुंकरीनं तिचं टोक थरथरतं, तोच आवाज. हे टोक कागदाएवढं पातळ असतं.

घरातल्या वाजवणाऱ्यांकडूनच शिकलो. पत्ती आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवायची. मग सपाट बाजू काचेवर ठेवायची. डुगडुगली, तर काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून ती बाजू हलक्या हातानं घासायची. त्यानंतर पत्ती उजेडासमोर धरायची. टोकाकडं दोन्ही कडांचा उजेड सारखा दिसला पाहिजे. जी कड काळपट, ती जाड. तिथंच जरा घासायचं. मधला कणा मात्र सोडायचा. तो गेला की आवाजातला जीव गेला.

पत्ती कडक असेल तर नुसती हवा फसफसते. तेव्हा ती बसवताना केसभर खाली घ्यायची. मऊ पडली असेल तर केसभर वर. एकदोनदा घासलं की वाजवून बघायचं. भाजीत मीठ मागून घालता येतं, काढता येत नाही, घासण्याचंही तसंच.

पण वाजवून बघणार कोण? माणसं कामावर गेलेली. आमच्या घरात बायकांनी कधी वाद्याला तोंड लावलं नव्हतं. धाकटीनं दार लोटून फुंकलं. आवाज गल्लीभर गेला. आम्ही घाबरलो. आत्याबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "भाकरी भाजली का नाही ते तव्यावरच कळतं. फुंका."

त्या दिवसापासून दार उघडंच असतं. क्लॅरोनेट जरा कुशीवर फिरवून एकेका कडेनं वाजवून बघतो. कुठली कड अडते ते लगेच कळतं.

कोरी पत्ती करायचाही प्रयत्न केला. बांबूच्या चार वाया गेल्या, पाचवी वाजली, पण स्वर कर्कश. नळाचं चांगलं वाळलेलं कांड मिळालं की परत बसणार आहोत.

आता पेटीत चार तयार पत्त्या असतात. रोज एकच वापरत नाही, पाळीपाळीनं. वाजवून झालं की पुसून सावलीत सपाट वाळवतो. वहीत पत्तीचा खर्च निम्म्यावर आलाय. आणि सुपारी घेताना आता आम्हालाही विचारतात, "पत्त्या तयार आहेत ना?"

मैत्रिणींनो, तुमच्या घरात धंद्याचं जे हत्यार असेल, त्याला एकदा हात लावून बघा.