नावाला कंस



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणांनी ‘रिव्हॅल’चा, म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा तपासण्याचा, अर्ज भरला होता, हे मी विचारणार नाही. पालक समोर बसलेत. पण त्या अर्जात तुम्ही जे करायची विनंती केलीत, त्याच क्रियापदाबद्दल मी आज बोलणार आहे : फेरविचार करणे. अशा समारंभात ध्येय, जिद्द वगैरेंवर बोलायची पद्धत आहे. मी कोशाच्या कामात जन्म घालवला, मला शब्दांपलीकडे फार कळत नाही.

शब्द जरा उघडून पाहू. ‘फेर’ आला फिरण्यातून. फेरी, फेरफटका, फेरमोजणी ही त्याची भावंडं. ‘विचार’मध्ये ‘चर्’ धातू आहे, त्याचा अर्थ चालणं, हिंडणं. म्हणजे शब्दाच्या दोन्ही भागांना पाय आहेत. एकदा हिंडून आलेल्या वाटेनं पुन्हा जाऊन यायचं. परत आल्यावर निर्णय बदललाच पाहिजे, असं मात्र यात कुठेही नाही. ‘फेरविचाराअंती निर्णय कायम’ हे अगदी शुद्ध मराठी आहे. राज्यघटनेच्या १११व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवू शकतात. अब्दुल कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक असंच परत पाठवलं. संसदेनं ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांना सही करावी लागली. संसद खरंच हिंडून आली की उंबऱ्यातूनच परतली, ते व्याकरण सांगत नाही.

हल्ली ‘निर्णयावर फेरविचार’ असं सर्रास लिहितात. माझ्या कानाला ‘निर्णयाचा फेरविचार’ बरा वाटतो. (घरी म्हणतात, हे तुमचं म्हातारपणचं खूळ. असेल.)

मला खरा सलतो तो या क्रियापदाचा पुरुष. कुठलंही वर्तमानपत्र उघडा : सरकारनं फेरविचार करावा, विद्यापीठानं फेरविचार करावा. क्रियापद कायम विध्यर्थात आणि कायम दुसऱ्यासाठी. ‘मी फेरविचार केला’ असं वाक्य कोशासाठी उदाहरण म्हणून हवं होतं, तेव्हा ते शोधताना माझी दमछाक झाली. आपल्यावर वेळ आली की आपण ‘मन बदललं’ म्हणतो, जणू पावसाळी हवा बदलली. तेच दुसऱ्यानं केलं, तर त्यानं शब्द फिरवला, घूमजाव केलं, कोलांटउडी मारली. कौतुक राखून ठेवलंय ते काळ्या दगडावरच्या रेघेसाठी आणि मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यासाठी. या शब्दांच्या धाकानं, चुकलं हे कळूनही चुकीच्या वाटेवर चालत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत मीही होतो.

माझे वडील तलाठी होते. ‘फेर’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या फेरफाराच्या वहीत. जमिनीचा मालक बदलला की आधी तिथं नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. मला गंमत वाटायची ती पुढच्या गोष्टीची. सातबाऱ्यावर जुनं नाव खरवडून काढायचं नाही, त्याला कंस करायचा. नवं नाव लिहायचं आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात. ज्याची जमीनच गेली त्याचं नाव कशाला ठेवायचं, असं मी विचारलं होतं. वडील म्हणाले, “मग जमीन आली कुठून, ते पुढच्याला कळायचं कसं?”

तो कंस मला २०१७ मध्ये एक निकाल वाचताना पुन्हा आठवला. पण गोष्ट सुरू होते ती त्याच्या बरीच आधी. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं जबलपूर खटल्यात ठरवलं की स्थानबद्ध माणसाला आपल्या अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाचांपैकी चार न्यायमूर्ती त्या बाजूनं होते. एकटे एच. आर. खन्ना विरुद्ध गेले. पुढं ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद हुकवण्यात आलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांतले पी. एन. भगवती यांनी २०११ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आपलं चुकलं हे जाहीरपणे कबूल केलं. पस्तीस वर्षांनी का होईना, क्रियापद प्रथमपुरुषात आलं.

चौघांतले दुसरे होते यशवंतराव चंद्रचूड, मूळचे पुण्याचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यात स्वतःसह चार न्यायमूर्तींच्या वतीनं लिहिताना यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूरचा बहुमताचा निकाल गंभीर दोषांचा असल्याचं नोंदवून तो मोडीत काढला. यशवंतराव तेव्हा हयात नव्हते. मुलानं लिहिलेली ती पानं वाचताना मला सातबारा दिसत होता : जुनं नाव स्वच्छ वाचता येतंय आणि त्याला कंस आहे. निकालांच्या खंडातून कोणी पानं फाडलेली नाहीत. दोन्ही निकाल वाचायला मिळतात. सवडीनं वाचा, पण आधी १९७६ चा.