पित्त, कणकण आणि गुगल

'पित्त झालंय' या दोन शब्दांत मराठी माणूस निदान तीन दुखणी सांगतो. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ म्हणजे पित्त. उलटी झाली की उतरणारी डोकेदुखी, तेही पित्तच; ती पुष्कळदा अर्धशिशी असते. अंगावर लाल, खाजऱ्या गांध्या आल्या तरी 'पित्त उठलं' असंच म्हणतात. हा शब्द गुगलवर टाकला आणि त्याचं शब्दशः भाषांतर झालं, तर समोर यकृत, पित्ताशय आणि पित्तखड्यांची पानं उघडतात. 'कणकण' या शब्दाला तर इंग्रजीत नेमका प्रतिशब्दच नाही. म्हणून शोधताना आजाराचं नाव न टाकता काय होतंय ते लिहिलेलं बरं: 'जेवल्यावर छातीत जळजळ', 'अंगावर खाजऱ्या गांध्या'.

शब्द नेमका असला तरी पुढे दुसरी अडचण असते. लक्षणाशी जुळणारी पानं शोधयंत्र पुढे ठेवतं. त्या पानांवरच्या आजाराची शक्यता किती, हे त्या यादीवरून कळत नाही. डोकेदुखीची कारणं शोधताना अपुरी झोप आणि मेंदूतली गाठ एकाच पडद्यावर शेजारी दिसतात. पहिलं कारण घरोघरी आढळतं, दुसरं फार विरळा. साध्या तक्रारीपासून निघालेला माणूस गंभीर आजारांच्या पानांपर्यंत कसा पोचतो, याचा अभ्यास मायक्रोसॉफ्टमधील रायन व्हाइट आणि एरिक होर्व्हिट्झ यांनी २००८ मध्ये मांडला.

रक्ततपासणीचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर येतो. एखाद्या आकड्यापुढे 'एच' दिसतो आणि रात्रीची झोप जाते. इथे एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. बहुतेक तपासण्यांत शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जणांचे आकडे ज्या मर्यादेत बसतात, तिलाच 'नॉर्मल' म्हणतात. उरलेले पाच जणही निरोगीच असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४ असते. थायरॉइडसाठी पाहिला जाणारा टीएसएच दिवसभरात कमीजास्त होतो. तो किंचित वाढलेला दिसला, तर डॉक्टर पुष्कळदा काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात.

शोधात सापडलेलं पान कुणी लिहिलंय आणि शेवटचं कधी तपासलंय, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय १९९८ पासून 'मेडलाइनप्लस' चालवतं. तिथे जाहिराती नसतात, पण मजकूर मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये असतो. मराठीत असा भरवशाचा मजकूर फार थोडा आहे, ही खरी उणीव आहे. ती जागा काढ्यांच्या आणि चूर्णांच्या जाहिराती भरून काढतात.

सर्वांत घातक ठरतो तो 'गॅस' हा शब्द. छातीवर दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अशी लक्षणं असतानाही 'गॅस झालाय' म्हणून घरगुती उपाय शोधले जातात. हृदयविकाराच्या झटक्यात रक्त न मिळणारा स्नायू त्याच वेळात मरत असतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, जीभ जड होणं ही पक्षाघाताची लक्षणं. त्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा वेळी मोबाइल हातात असेल, तर त्यावर १०८ लावायचा.