उशीर नेमका कुठे होतो?
(गणेशोत्सवातील भाषण)

तीनशे वर्षांपासून इथे राहिलेले आपले तंजावरकर बंधू, विटा-खानापूर भागातून येऊन इथे गलाईचा धंदा उभा केलेली मंडळी, आणि माझे रेल्वेतील सहकारी,

मी पडलो डिप्लोमावाला, रुळांवर काम करणारा माणूस. व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. पण महाप्रसादाचे काम कोणाला द्यायचे यावर गेल्या बैठकीत बरीच गरमागरमी झाली आणि स्टेशनजवळच्या गल्लीतल्या आपल्या सर्वांच्या ओळखीच्या मेसचे नाव निघताच चारपाच जण एकदम हसले. "तिथे दिले तर प्रसाद अनंत चतुर्दशीला मिळेल," असेही कोणी म्हणाले. म्हणून आज दोन शब्द बोलायची परवानगी मागितली.

जेवणाबद्दल वाद नाही. त्या मेसमधला रोस्ट, इडलीबरोबरचा कडप्पा (नवीन बदलून आलेल्यांसाठी सांगतो, मुगाची डाळ, बटाटा आणि नारळ-बडीशेपेचे वाटण), वत्तकुळंबु, शेवटी पितळी डबऱ्यातली कॉफी. सांबार आपल्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मले ही आख्यायिका तुम्हा सर्वांना पाठ आहे. खरी असो वा नसो, अण्णांचे सांबार खाताना ती खरी मानायला माझी हरकत नसते. तक्रार एकच, वेळ फार लागतो. संध्याकाळी सातला बसलेला माणूस आठनंतरच उठतो. काही जण उपाशीच उठून समोरच्या गाडीवर जातात, हेही मी पाहिले आहे.

यावर प्रत्येकाकडे एक उपाय आहे. कोणी म्हणतो आणखी एक तंबी ठेवा. कोणी म्हणतो जागा वाढवा, बाहेर दोन बाके टाका. मी सवयीने घड्याळ लावून बसलो. तव्यावर एका वेळी तीन डोसे बसतात, रोस्ट व्हायला चार मिनिटे. म्हणजे तासाला पंचेचाळीस डोसे. माणशी दोन धरले तर तासाला बावीस-तेवीस माणसे जेवून बाहेर पडणार. बसायच्या जागा चोवीस. आता गणित करा. चोवीस माणसे आत आणि तासाला साडेबावीस बाहेर, तर प्रत्येकाला सरासरी चौसष्ट मिनिटे लागणारच. हे माझे डोके नव्हे. आत असलेली माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, हे अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध करून दाखवले आणि आज कारखान्यांपासून इस्पितळांपर्यंत सगळीकडे वापरले जाते. रांगांच्या शास्त्राची सुरुवात तर त्याहून जुनी, १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग यांच्यापासूनची.

आता बाहेर दोन बाके टाकून आठ जागा वाढवल्या तर काय होईल? तवा तोच. बत्तीस माणसे आत, बाहेर पडणार तेवढीच. थांबणे पंच्याऐंशी मिनिटांवर जाईल! आणखी एक तंबी ठेवला तर तो तव्याकडे बघत उभा राहील. रेल्वेतल्या मंडळींना हे सांगायला नको. सिंगल लाईनच्या सेक्शनवर स्टेशनात लूप वाढवा, पोर्टर वाढवा, पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय गाडी सुटत नाही.

मग दुसरा तवा का घेत नाहीत? मी विचारले. अण्णा म्हणाले, "सार, दुसऱ्या तव्यावर दुसरा हात लागतो." हात म्हणजे त्यांचा स्वतःचा. अक्का चटणी लागेल तशी वाटतात, डोसा आधी करून रचून ठेवत नाहीत. हा उशीर मला मान्य आहे. मान्य नाही तो दुसरा उशीर. बसल्यावर पंधरा मिनिटे पाणी नाही, पान नाही, आपली ऑर्डर आत पोहोचली की नाही याचा पत्ता नाही. डेव्हिड मायस्टर नावाच्या गृहस्थांनी १९८५ साली लिहून ठेवले आहे की रिकामे बसून काढलेला वेळ जास्त लांब वाटतो आणि सुरुवात होण्याआधीचे थांबणे सुरुवातीनंतरच्या थांबण्यापेक्षा जास्त. तेवढे मी अण्णांना सांगितले. आता बसल्याबरोबर पाणी येते आणि वाटीभर सुंडल येते. वेळ तोच आहे, पण उठून जाणारे कमी झाले.

आता मुद्द्यावर येतो. महाप्रसादात तवा आहे कुठे? आपल्याकडे पंगत, इथे पंदी, शब्दही एकाच घरातले. भात, सांबार, पोरियल, पायसम हे सगळे बारा वाजण्याआधी पातेल्यात तयार असते. माणसे चारशे, पाने एका वेळी ऐंशी, पंगतीला पस्तीस मिनिटे आणि साफसफाईला दहा. पाच पंगतींना पावणेचार तास. स्वयंपाकी कोणीही आणा, यात एक मिनिटाचा फरक पडणार नाही. वाढपी आपलीच मुले आहेत. उशीर झाला तर तो आपला, अण्णांचा नव्हे.

गेल्या वर्षी ज्यांना काम दिले ते वेगवान होते, हे मी नाकारत नाही. अडीच वाजता त्यांची पातेली घासून टेम्पोत चढली होती. त्या दिवशी आमच्या गँगला तीनपर्यंत ब्लॉक होता. आठ ट्रॅकमन भर उन्हात रूळ बदलून साडेतीनला इथे आले. वर्गणी त्यांनीही दिली होती. त्यांना दहीभात आणि केळे मिळाले. ते काही बोलले नाहीत. मला मात्र ते अजून डाचते.

आपण ज्या गावात बसलो आहोत तिथली रीत वेगळी होती. १७९९ मध्ये सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार गेला, पण रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे आपल्याच हाती राहावीत यासाठी त्यांनी इंग्रजांकडे आग्रह धरला. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे, जाऊन पाहून या. १८०१ च्या पत्रात राजांनी छत्रांतील व्यवस्था वर्णन केली आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळे आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई की कोणी जेवायचे राहिले असेल तर यावे. शेवटच्या माणसाचा हिशेब त्यात आधीच धरलेला होता.

अण्णांकडे रात्री साडेदहाला ड्युटी संपवून गेलो आहे. चूल विझलेली होती. त्यांनी ती पुन्हा पेटवली, तवा तापेपर्यंत मला वीस मिनिटे बसवले आणि गरम रोस्ट वाढला. वेळ लागला, पण उपाशी पाठवले नाही.

म्हणून माझी सूचना अशी. काम अण्णांना द्यावे, पातेली सहाव्या पंगतीपर्यंत ठेवायची हे आधीच बोलून घ्यावे आणि सहावी पंगत ब्लॉकवरून येणाऱ्यांसाठी राखावी. दर त्यांनी गेल्या वर्षीइतकाच सांगितला आहे. एकच अडचण उरते ती मोदकांची. अक्का विनायक चतुर्थीला कोळुकट्टै करतातच, उकड तीच, सारणही नारळ-गुळाचेच, फक्त आपल्यासारख्या कळ्या त्यांना पाडता येत नाहीत. भगिनी मंडळापैकी कोणी दोघी येत्या रविवारी दुपारी तिकडे जाऊन दाखवू शकतील का, तेवढे कार्यक्रम संपल्यावर मला सांगावे.