ॲव्हरेज गाडीचं नसतं, रस्त्याचं असतं

(नंदुरबार येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारलं, "व्याख्यानमालेत मोटारसायकलचं ॲव्हरेज? हा काय व्याख्यानाचा विषय झाला?" झाला, आणि मी तो मागून घेतला आहे. आपल्या अक्राणीत, अक्कलकुव्यात शिक्षक, आशाताई, पोस्टमन पाड्यापर्यंत पोचतात ते दुचाकीवर. त्यांच्या मिळकतीतला किती वाटा टाकीत जातो, हे ज्या जिल्ह्याला सांगता येत नाही, त्यानं हा विषय हलका मानू नये.

पाहुणा दारात गाडी लावतो न लावतो तोच आपण विचारतो, "गाडी कितला ॲव्हरेज देस?" (हशा) तोही बेधडक सांगतो, "साठ!" माझं म्हणणं एवढंच आहे, की या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. ॲव्हरेज रस्त्याचं असतं, ओझ्याचं असतं, वेगाचं असतं. गाडी त्यातला एक हिस्सा.

मग कंपनीचा आकडा येतो कुठून? पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं नाव तुम्ही ऐकलं आहेच. १९६६ साली ती स्थापन झाली. तिथे गाडी रोलरवर चालवतात. आपल्याकडच्या जुन्या चाचणीत १०८ सेकंदांचं एक चक्र सहा वेळा फिरवत. एकूण अंतर चार किलोमीटरच्या आत, कमाल वेग ताशी ४२. पुढे ती चाचणी बदलली, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे निकष आले. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे पेट्रोल मापानं मोजायची गरज पडत नाही. धुराड्यातून कार्बन किती बाहेर पडला, त्यावरून किती पेट्रोल जळलं हे काढतात. शास्त्र चोख आहे. पण त्या रोलरवर चांदसैलीचा घाट नाही, समोरचा वारा नाही, मागे बसलेलं माणूस नाही आणि त्याच्या मांडीवरचं मिरचीचं पोतंही नाही. (हशा) तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, महिन्याचा खर्च काढायला वापरू नका.

गॅरेजवाले भाऊ काय करतात? शंभर मिलीची बाटली हँडलला टांगतात, नळी जोडतात आणि सपाट डांबरी रस्त्यावर चाळीसच्या वेगानं एक फेरी मारून येतात. "बघा सर, गाडी सत्तर देते." (मागून आवाज : "देतेच सर!") देत असेल, भाऊ, तुमचं काम मी नाकारत नाही. इंजिन बिघडलं आहे का, हे त्यातून कळतं. तुमच्या गिऱ्हाइकाचा महिना मात्र त्यातून कळत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी तळोद्याला राहतो आणि धडगावच्या बाजूला शाळेवर जातो. त्याची गाडी अचानक 'कमी देऊ लागली'. त्यानं प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, क्लच प्लेटा टाकल्या, शेवटी गाडी विकायला काढली. मी म्हटलं, थांब, आधी लिहू. टाकी एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, गळ्याच्या एकाच खुणेपर्यंत भरायची. मग किलोमीटर, लिटर, कुठे गेलो, मागे कोण होतं, एवढंच वहीत. काही आठवडे लिहिल्यावर दिसलं, की गाडी ठणठणीत होती. आधी तो तळोद्याजवळच्या शाळेवर होता, आता रोज घाट चढत होता. बदली माणसाची झाली होती आणि दोष गाडीवर आला होता.

त्या वहीवरून आम्ही तोरणमाळचं गणित मांडलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. शहाद्याच्या सपाटीपेक्षा तोरणमाळ सुमारे एक हजार मीटर उंच. गाडी, दोन माणसं, पिशव्या मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन हजार मीटर वर न्यायला साधारण साडेचोवीस लाख ज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे तीन कोटी वीस लाख ज्यूल असतात. पण त्यातला ढोबळमानानं पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोचतो, बाकी उष्णता होऊन जातो. म्हणजे चौसष्ट लाख. भागा. नुसत्या उंचीसाठी सुमारे ३८० मिली! अंतर कापायचं पेट्रोल वेगळं. ही किंमत कोणत्याही मेकॅनिकला कमी करता येत नाही, कारण ती सातपुड्याची आहे. (टाळ्या)

"उतरताना परत मिळतं ना, सर?" पहिल्या रांगेतून प्रश्न आला, चांगला आहे. थोडं मिळतं. बरंचसं ब्रेकमध्ये तापून जातं. आणि ते वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. इंजिनाचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही.

आता मुख्य चूक. हिशोबाला सोपं म्हणून शहादा ते तोरणमाळ ५६ किलोमीटर धरू. चढताना ४० चं पडलं, उतरताना ८० चं. सरासरी किती? (सभागृहातून : "साठ!") नाही. चढताना १.४ लिटर, उतरताना ०.७. एकूण ११२ किलोमीटर, २.१ लिटर. भागाकार ५३. आकड्यांची सरासरी काढायची नसते. किलोमीटर सगळे एकत्र, लिटर सगळे एकत्र, मग एकदाच भागायचं. म्हणून मी म्हणतो, किलोमीटरला किती मिली हे लिहा. साठचं ॲव्हरेज म्हणजे १६.७ मिली, चाळीसचं म्हणजे २५. मिलीची बेरीज करता येते आणि खर्चही लगेच दिसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. इथेनॉलवर बोला, असं मागून सारखं येतंय. बोलतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात वीस टक्के मिश्रणानं जुन्या घडणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे साठाचे अठ्ठावन्न. तुमचे साठाचे पंचेचाळीस झाले असतील, तर टायरची हवा बघा, चेन बघा, घासणारा ब्रेक बघा. (कुजबुज) रागावू नका. वही दाखवा, मी माझं मत बदलीन.

नवापूरकर मंडळी आली आहेत. तुमच्या स्टेशनाचाच अर्धा भाग गुजरातेत, तुम्हाला पलीकडचं स्वस्त पेट्रोल वाटेतच मिळतं. पण कुणी त्यासाठी मुद्दाम चाळीस किलोमीटरचा फेरा मारत असेल, तर साठच्या ॲव्हरेजनं त्याचे सुमारे ६७० मिली त्यातच गेले. लिटरमागे दहा रुपये वाचतात धरले आणि पाच लिटर भरलं, तर वाचले पन्नास. गेलेल्या पेट्रोलची किंमत त्याहून जास्त. (हशा)

घाईनं उरलेलं सांगतो. शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज निघत नाही. दोन लिटरच्या भरण्यात गळ्याशी शंभर मिलीची चूक झाली, तर पाच टक्के फरक पडतो. दहा लिटरच्या एकूण हिशोबात तीच चूक एका टक्क्यावर येते. म्हणून टाकी भरा आणि सलग लिहा. मीटरही तपासा : महामार्गावरचे दहा किलोमीटरचे दगड मोजा, तुमचा काटा किती दाखवतो ते टिपून ठेवा. पंपाच्या मापाची शंका आली, तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

घंटा झाली, अध्यक्ष महाराज, एकच मिनिट. या सगळ्या खटाटोपामागे माझी एक मागणी आहे. प्रवासभत्ता ठरवताना सपाटीचा किलोमीटर आणि घाटाचा किलोमीटर एकाच दरानं मोजणं अन्याय आहे. शहाद्यात फिरणाऱ्याला किलोमीटरमागे सतरा मिली लागतात आणि धडगावच्या घाटात पंचवीस लागत असतील, तर डोंगरात काम करणारा माणूस प्रत्येक खेपेला स्वतःच्या खिशातून पैसे घालतो. 'परवडत नाही' एवढं म्हटल्यानं कोणी ऐकत नाही; रस्त्यागणिक मिलीच्या नोंदी पुढे ठेवल्या, तर उत्तर द्यावंच लागेल. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या वाटांवर रोज जाणाऱ्यांनी या महिन्यापासून वही घाला. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन या. एकत्र तक्ता करायला आणि त्याखाली अर्ज लिहायला मी तुमच्याबरोबर बसेन.